उजव्या हाताचा हिशेब

मार्चअखेर आली की आपापल्या धर्मग्रामातील सेवाभावी संस्थांचे खजिनदार वह्या-पावत्या घेऊन बसतात. जमाखर्चाचा मेळ घातला जातो, हिशेबतपासनिसाची सही होते, आणि मग एखाद्या रविवारी मिस्सानंतर वर्षाचा अहवाल आपल्या हाती पडतो. इतक्या कुटुंबांना दरमहा धान्य, इतक्या मुलांची शाळेची फी, इतक्यांना औषधपाणी, एका विधवेच्या घराचे छप्पर, अखेरची शिल्लक इतकी. आपण तो उभ्या उभ्या चाळतो, शिल्लक पाहतो, देणगीदारांच्या यादीत आपले नाव बरोबर छापले आहे ना हेही ओझरते पाहून घेतो, आणि घरी नेऊन ठेवून देतो.

या दोन-चार पानांच्या कागदाविषयी एक प्रश्न आम्हांला पुष्कळ दिवस सतावतो आहे. हा अहवाल सादर होतो तो कोणाला? देणाऱ्याला. ज्याच्या घरी ते धान्य पोचले, ज्याच्या मुलाची फी भरली गेली, त्याला तो कोणी वाचून दाखवीत नाही. ज्यांच्याविषयी तो लिहिला जातो, तेच त्याच्या वाचकांत नसतात. ते वाचकांत असते, तर आपण तो असाच लिहिला असता का?

प्रश्न वाटतो तितका साधा नाही, कारण खुद्द शुभवर्तमानच आपल्याला दोन गोष्टी सांगते. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू म्हणतो की दिवा मापाखाली झाकू नका, दिवठणीवर ठेवा. लोकांनी तुमची सत्कर्मे पाहावीत आणि स्वर्गीय पित्याचा गौरव करावा. संत मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील ही आज्ञा. पान उलटावे तो सहाव्या अध्यायात तोच प्रभू बजावतो की दानधर्म करताना कर्णा वाजवू नका, उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू देऊ नका. भाष्यकार या दोहोंचा मेळ घालतात तो असा, की गौरव कोणाचा व्हावा या हेतूत सारा फरक आहे. उत्तर बरोबर आहे; पण ते एकट्यादुकट्या दात्यापुरते पुरते. संस्थेला एक डावा हात नसतो, शेकडो हात असतात. आपल्या खिशातले दान गुप्त ठेवणे हा सद्गुण. दुसऱ्यांनी विश्वासाने दिलेल्या पैशाचा विनियोग गुप्त ठेवणे हा मात्र सद्गुण नव्हे. तेथे हिशेब हे कर्तव्यच आहे. तेव्हा अहवाल असावा की नसावा हा वाद नाही. त्यात कोणाविषयी, काय आणि कोणाच्या वतीने सांगावे, एवढाच वाद आहे.

संघटित दयाकार्याचा उगम शोधू लागलो, तर आपण फ्रान्समधील शातियों या लहानशा गावी जाऊन पोचतो. वर्ष १६१७, महिना ऑगस्टचा. विन्सेंट डी पॉल हे तेथील नवे धर्मगुरू. एका रविवारी मिस्साची वस्त्रे चढवीत असताना त्यांना निरोप मिळाला की गावाबाहेरच्या एका घरात सारेच आजारी आहेत, एकमेकांना पाणी द्यायलाही कोणी उठू शकत नाही. त्यांनी प्रवचनात ही गोष्ट सांगितली. दुपारी ते स्वतः त्या घराकडे निघाले, तेव्हा वाटेवर त्यांना जणू मिरवणूकच भेटली. कोणी अन्न घेऊन चालले होते, कोणी देऊन परतत होते, कोणी उन्हाने दमून झाडाखाली टेकले होते. आपल्यासारखा एखादा धर्मगुरू हे दृश्य पाहून धन्य झाला असता, आणि पुढच्या रविवारी त्याने लोकांचे आभार मानले असते. विन्सेंट यांच्या मनात वेगळाच विचार आला. दया पुष्कळ आहे, पण तिला व्यवस्था नाही. आज या घरात इतके अन्न येऊन पडेल की ते नासेल, आणि चार दिवसांनी हेच घर पुन्हा उपाशी असेल.

त्याच आठवड्यात त्यांनी गावातील काही स्त्रियांना एकत्र केले आणि वर्ष सरण्यापूर्वी त्यांच्या मंडळासाठी नियमावली लिहून दिली. ती आज वाचली तरी नवल वाटते. तिच्यात पाळ्या लावण्याची पद्धत आहे, खजिनदार आहे, हिशेब आहे. पण त्याच शिस्तशीर कागदात हेही लिहिलेले आहे की रुग्णाकडे जेवण नेणाऱ्या बाईने त्याला हसतमुखाने अभिवादन करावे, ताट नीट मांडावे, घास करून द्यावेत. आणि ज्यांच्याजवळ कोणीतरी आहे त्यांच्यापासून सुरुवात करून, जो एकटा आहे त्याच्याकडे सर्वांत शेवटी जावे, म्हणजे त्याच्यापाशी अधिक वेळ बसता येईल. हे शेवटचे कलम वाचताना आम्ही थबकलो. हिशेबाची वही आणि एकट्या रुग्णापाशी बसण्याचा वेळ, या दोन्ही गोष्टी त्या माणसाने एकाच नियमावलीत बसवल्या. अहवाल आणि आस्था यांचे वैर आहे असे आपण समजतो, ते मुळात तिथे नव्हते. पुढे कधीतरी आपण वही तेवढी ठेवली आणि बसणे विसरलो.

चर्चमधल्या पुतळ्यांत आणि चित्रांत संत विन्सेंट यांच्या कुशीत बहुधा एक तान्हे बाळ असते. पॅरिसच्या रस्त्यांवर टाकून दिलेल्या अर्भकांचे काम त्यांनी १६३८ पासून हाती घेतले, त्याची ही खूण. बर्फातून रात्री-अपरात्री फिरून ते स्वतः बाळे उचलून आणीत, अशी आख्यायिकाही त्याला चिकटली आहे. प्रत्यक्षातले काम अधिक नीरस आणि म्हणूनच अधिक मोठे होते. पोरे सांभाळण्यासाठी खेड्यापाड्यांतील दायांच्या घरी पाठवायची, त्या घरी मूल खरोखर नीट आहे की नाही हे संत लुईझ द मारियाक यांच्या धर्मभगिनींनी जाऊन पाहायचे, पैसे संपले की पॅरिसच्या श्रीमंत स्त्रियांची मने वळवायची. १६४७ च्या सुमारास त्या स्त्रिया खर्चाला कंटाळून हे काम सोडून देण्याच्या बेतात होत्या. विन्सेंट यांनी त्यांना सांगितले की तुम्ही आता या मुलांच्या आया आहात आणि सोडून जायचे असेल, तर त्यांच्या न्यायाधीश होऊन निवाडा द्या. चित्रकाराला यातले काय रंगवता येणार? त्याने बाळ रंगवले.

हाच धागा दोनशे वर्षांनी पुन्हा पॅरिसमध्येच उचलला गेला. फ्रेडरिक ओझानाम हा विद्यार्थी आणि त्याचे मित्र एका वादमंडळात धर्माची बाजू मांडत असत. ख्रिस्तसभेने पूर्वी केले असेल, पण आज तुम्ही काय करता, असे विरोधकांनी त्यांना विचारले. प्रश्न झोंबला. २३ एप्रिल १८३३ रोजी, ओझानाम यांच्या विसाव्या वाढदिवशी, या मूठभर तरुणांची पहिली बैठक झाली, आणि बायी नावाच्या वडीलधाऱ्या प्रकाशकाने त्यांना सिस्टर रोझाली रांदू यांच्याकडे पाठवले. मुफतार रस्त्याच्या गरीब वस्तीत ही धर्मभगिनी वर्षानुवर्षे राबत होती. तिने त्यांना घरांची यादी दिली, भाकरीच्या चिठ्ठ्या उसन्या दिल्या, आणि घराचे जिने कसे चढावेत, आत जाऊन कसे बसावे, काय बोलू नये, तेही शिकवले. आज आपल्या अनेक धर्मग्रामांत असलेल्या संत विन्सेंट डी पॉल सोसायटीची ही सुरुवात. ओझानाम यांना १९९७ मध्ये आणि सिस्टर रोझाली यांना २००३ मध्ये धन्यवादित घोषित करण्यात आले.

या सोसायटीच्या दोन रीती आमच्या विषयाच्या दृष्टीने फार बोलक्या आहेत. सभासद गरिबाला कार्यालयात बोलावीत नाहीत, जोडीने त्याच्या घरी जातात. आणि प्रत्येक बैठकीत एक पिशवी फिरते, तिच्यात प्रत्येकजण मूठ घालतो. कोणी काय टाकले ते शेजारच्यालाही कळत नाही, आणि कोणी काहीच टाकले नाही तरी कळत नाही. एकूण रक्कम वहीत लिहिली जाते. हिशेब उघडा आणि हात झाकलेला! पाचव्या आणि सहाव्या अध्यायांचा मेळ घालणारे यापेक्षा सुबोध भाष्य आमच्या तरी पाहण्यात नाही. पैसा साठवून ठेवू नये, तो आपला आहे असे मानू नये, आणि घेणाऱ्याने आपली पात्रता सिद्ध करून दाखवावी अशी अपेक्षा धरू नये, असेही सोसायटीचे नियम सांगतात.

ओझानाम यांनी १८४८ मध्ये, पॅरिसमध्ये क्रांतीचे वर्ष चालू असताना, मान खाली घालायला लावणारी मदत आणि मान राखणारी मदत यांवर एक लेख लिहिला. त्यातला विचार असा, की मदत केवळ पोटाची दखल घेते तेव्हा ती माणसाला लहान करते. देणारा आणि घेणारा दोघेही काही देतात आणि काही घेतात, तेव्हा ती त्याचा मान ठेवते. आता हा निकष आपण आपल्याकडच्या एका ओळखीच्या सोहळ्याला लावून पाहू या.

जून महिना लागतो, शाळा सुरू होतात, आणि गावोगाव वह्यावाटप होते. व्यासपीठ, मागे फलक, फलकावर पाहुण्यांचे छायाचित्र, कधी कधी वहीच्या मुखपृष्ठावरही तेच. एकेका मुलाचे नाव पुकारले जाते. मूल वर येते, पाहुणे वहीचा एक कोपरा धरतात, मूल दुसरा कोपरा धरते, आणि दोघे कॅमेऱ्याकडे पाहतात. फोटो नीट येईपर्यंत वही सोडायची नाही, हे त्या मुलालाही ठाऊक झालेले असते. संध्याकाळपर्यंत ते छायाचित्र धर्मग्रामाच्या प्रत्येक भ्रमणध्वनीवर पोचते. त्याच वर्गातली, ज्यांना वही मिळाली नाही ती मुलेही ते पाहतात. दुसऱ्या दिवशी वर्गात काय होत असेल, याची कल्पना करायला बालमानसशास्त्र शिकावे लागत नाही.

आमचा कोणाच्या हेतूवर आक्षेप नाही. हे सारे भल्या भावनेने होते, आणि वह्या खरोखर लागतात. पण ओझानाम यांचा निकष लावला, तर त्या क्षणी मुलाकडून काय घेतले जाते? त्याचा चेहरा. सहा वह्यांच्या बदल्यात ते आपली गरिबी सर्वांसमोर उभी करून देते. आणि हा व्यवहार त्याला नाकारता येत नाही, कारण नाकारणे म्हणजे वह्या नाकारणे. मोठ्या माणसाशी असा सौदा करायला आपण धजलो नसतो. आपल्यापैकी कोणी पतपेढीतून कर्ज घेतले, तर त्याचे छायाचित्र व्यवस्थापकाबरोबर चर्चच्या फलकावर लावले जात नाही.

यावर एक उत्तर ठरलेले असते, आणि ते टाकाऊ नाही. चेहरा दिसल्याशिवाय माणसाचे हृदय हलत नाही. आकड्यांना कोणी देणगी देत नाही. इतिहासही याला साक्ष देतो. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षांच्या भीषण दुष्काळांत हिंदुस्थानातील कृश मुलांची छायाचित्रे परदेशी मिशनांच्या नियतकालिकांत छापली गेली, आणि त्या चित्रांनी पैसा व धान्य आणले, मुले जगली. जीव वाचवणाऱ्या चित्राची मापे काढत बसणे हा भरल्या पोटाचा उद्योग आहे, असे कोणी म्हटले, तर आम्ही त्याला खोटे पाडू शकणार नाही. पण दुष्काळाच्या त्या प्रसंगाचा न्याय दरवर्षीच्या जूनला लागू पडत नाही. देणारा साता समुद्रांपलीकडे होता, त्याला दुसरा मार्ग नव्हता. आपल्या धर्मग्रामात देणारा आणि घेणारा एकाच आळीत राहतात. येथे हृदय हलायला छायाचित्र लागत असेल, तर उणीव छायाचित्रकलेची नाही. आपण त्या घरी गेलेलोच नाही.

शिवाय मूल मोठे होते. आज सातवीत असलेला मुलगा उद्या पदवीधर होईल, नोकरीला लागेल, त्याचे लग्न ठरेल. तेव्हा कोणाच्या तरी संग्रहातून ‘बापाच्या व्यसनामुळे उघड्यावर पडलेले कुटुंब’ या मथळ्याखालचे त्याचे छायाचित्र वर येईल. ती गोष्ट त्याची होती. सांगायची की नाही, कोणाला सांगायची, हे त्याने ठरवायचे होते. कायद्यानेही हे आता ओळखले आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे ७४ वे कलम काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास मनाई करते, आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. प्रत्येक वह्यावाटप या कलमाखाली येते असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या मुलांच्या घरची वाताहत आपल्या अहवालात सविस्तर छापली जाते, त्यांतील काहीजण त्या व्याख्येत नक्की बसतील. खरे तर कायद्याच्या धाकाने हे कळावे, ही गोष्ट आपल्यासारख्यांना फारशी शोभणारी नाही. पापनिवेदनाचे रहस्य प्राणापलीकडे जपणारी आपली परंपरा!

छायाचित्रांपेक्षाही खोल जाणारा प्रश्न आकड्यांचा आहे. ‘या वर्षी आमच्या वसतिगृहात इतकी मुले होती’ हे वाक्य अहवालात सहज बसते. ‘या वर्षी इतकी मुले आपल्या आईजवळच राहिली’ हे वाक्य कोठे बसवायचे? घडलेली गोष्ट मोजता येते. टळलेली मोजता येत नाही. आणि जे मोजले जाते त्याकडेच हळूहळू संस्थेचे तोंड वळते.

यातून काय होऊ शकते, हे आयर्लंडमध्ये दिसले, आणि कॅथॉलिक वाचकांनी ते डोळे उघडून पाहिले पाहिजे. तेथील औद्योगिक शाळा बव्हंशी धर्मसंघ चालवीत असत. तेथील अनेक मुलांचा गुन्हा एवढाच होता की त्यांचे घर गरीब होते. सरकार दर मुलामागे ठरावीक अनुदान देई, त्यामुळे मुलांची संख्या टिकवणे ही संस्थेची गरज झाली. मे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी आयोगाच्या अहवालाने त्या भिंतींआड मुलांनी काय सोसले ते खंडाखंडांतून जगापुढे मांडले. मारहाण आणि अत्याचार ज्यांनी केले ते दोषी आहेतच. पण आम्हांला अस्वस्थ करते ती त्यापूर्वीची पायरी. मुलाला सांभाळण्यासाठी जी रक्कम संस्थेला दिली जात होती, ती त्याच्या आईला देण्याचा विचार इतक्या दशकांत फारसा कोणाला का सुचला नाही? गरिबी हे आईपासून मूल तोडण्याचे कारण होऊ शकत नाही, हे संयुक्त राष्ट्रांनी पर्यायी संगोपनाविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत २००९ मध्येच नमूद केले. त्याच वर्षी सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेने दाखवून दिले की जगभरच्या बालगृहांतील दर पाच मुलांपैकी किमान चौघांचे आई किंवा वडील हयात असतात. ‘अनाथाश्रम’ हा शब्द आपण किती सैलपणे वापरत आलो!

आपल्याकडच्या बोर्डिंगांना या एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. डहाणू, तलासरी, जव्हार या भागांतील आदिवासी मुलांना बोर्डिंगांनी अक्षरओळख दिली. सुट्टीला मुले घरी जातात, आईबाप भेटायला येतात, ताटातूट होत नाही. सिस्टरांनी रात्री जागून ज्यांचे ताप उतरवले, अशी आज घरादाराला लागलेली माणसे आपल्याला ठाऊक आहेत. ज्या मुलाला खरोखरच कोणी नाही, किंवा घर हेच ज्याच्या भीतीचे कारण आहे, त्याला संस्थेचा आधार लागणारच. आमचे म्हणणे इतकेच, की दार उघडण्यापूर्वी एक प्रश्न विचारला जावा: हे मूल येथे येऊ नये म्हणून काय करता येईल?

आणि करता येण्यासारखे पुष्कळ असते. बरेचसे काम कागदपत्रांचे असते. नवरा गेलेली एक तरुण बाई समजू या. दोन लेकरे, भाड्याची खोली. महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना अशाच घरांसाठी आहे. २०२३ पासून तीत दर मुलामागे महिन्याला २२५० रुपये मिळू शकतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत, २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, प्रायोजकत्वाची रक्कम ४००० रुपये आहे. पण त्यासाठी नवऱ्याचा मृत्यूचा दाखला हवा, तो दुसऱ्या जिल्ह्यातल्या नगरपालिकेत. शिधापत्रिकेवर नाव सासूकडचे. आधार कार्डावर माहेरचे आडनाव. मुलांच्या नावे बँक खाते नाही. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, आदेश बाल कल्याण समितीचा. एकेका खेपेला तिची दिवसाची मजुरी बुडते. अशा बाईबरोबर चार खेपा घालणारा, तिच्या वतीने खिडकीपाशी उभा राहणारा निवृत्त कारकून आपल्या प्रत्येक धर्मग्रामात असतो. त्याने ते काम केले, तर वर्षाच्या धान्यवाटपापेक्षा त्या लेकरांचे अधिक भले होईल. अहवालात त्याची नोंद होईल ती अशी: ‘प्रवासखर्च, रुपये १८०.’

इथे कोणी म्हणेल, हे दयाकार्य नव्हे, हे तर शासनाचे काम. संत ग्रेगरी महान यांनी सहाव्या शतकाच्या अखेरीस धर्मगुरूंसाठी लिहिलेल्या ग्रंथात या भेदालाच हात घातला. गरिबाला त्याच्या गरजेचे दिले म्हणजे आपण औदार्य दाखवले असे समजू नका, त्याचे होते ते त्याला परत केले, असा त्यांचा आशय आहे. ऋण फेडताना कोणी सत्कार करून घेत नाही, की फोटोही काढून घेत नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या पहिल्या विश्वपत्रात याची दुसरी बाजूही मांडली. समाज कितीही न्यायी झाला, तरी प्रेमाची गरज संपणार नाही. कारण योजनेची रक्कम खात्यात जमा होईल, पण रात्री ताप चढलेल्या पोराजवळ बसायला शासन येणार नाही. आम्हांला दोन्ही पटतात. न्यायाने करायचे ते दयेवर सोपवले, की घेणारा कायमचा याचक राहतो. दयेने करायचे ते नियमांवर सोपवले, की एकट्या रुग्णापाशी कोणीच बसत नाही.

आपल्या वसईच्या मातीत याचे एक उदाहरण आहे, आणि त्याचा उल्लेख दयाकार्याच्या संदर्भात का होत नाही याचे आम्हांला नवल वाटते. मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी १९१८ मध्ये येथे सहकारी पतसंस्था काढली. तीच आजची बॅसिन कॅथॉलिक बँक. दारी आलेल्याला चार आणे देऊन त्यांना पुण्य जोडता आले असते. त्यांनी शेतकऱ्याला सभासद केले, भागधारक केले. भागधारकाला अहवाल मिळतो, आणि सभेत उठून प्रश्न विचारण्याचा हक्कही मिळतो.

त्याच मातीपासून दोन-तीन तासांच्या अंतरावर वावर-वांगणी आहे. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील या पाड्यांवर कुपोषणाने मुले दगावली आणि साऱ्या महाराष्ट्राला हादरा बसला. त्या डोंगरातील कुटुंबे दिवाळीनंतर बयाणा घेऊन भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर उतरतात, पावसाळ्याच्या तोंडावर परत जातात. भट्टीवर बिऱ्हाड पडले की मुलांची शाळा सुटते. आपली घरे त्या विटांची आहेत. भट्टीवर नाताळला केक वाटण्याचा उपक्रम अनेक तरुण मंडळे करतात, ते चांगलेच आहे. पण बयाण्याचा हिशेब त्या अडाणी बापाला कोणी वाचून दाखवला का, मुले मागे गावात राहावीत म्हणून शासनाची हंगामी वसतिगृहाची सोय त्या पाड्याला मिळते का, हे विचारणारा उपक्रम आम्ही क्वचितच पाहिला. केक देताना कोणी रागावत नाही. बयाण्याचे विचारले, की भट्टीवाला रागावतो, आणि भट्टीवाला कदाचित आपल्याच ओळखीचा असतो, आपल्याच अहवालातील देणगीदार असतो.

मग अहवाल कसा लिहावा? आमची एक साधी सूचना आहे. छापायला देण्यापूर्वी तो ज्यांच्याविषयी आहे, त्यांच्यापैकी दोघा-तिघांना वाचून दाखवावा. मंचावरून नव्हे, त्यांच्या घरी, त्यांच्याच खाटेवर बसून. एखाद्या ओळीला त्या माउलीने मान खाली घातली, तर ती ओळ काढावी. ती म्हणाली की धान्यापेक्षा आम्हांला अमुक हवे होते, तर ते लिहावे, देणगीदारांना आवडो न आवडो. नावे आणि चेहरे गाळल्याने हिशेब अपुरा राहत नाही. रक्कम, पावती आणि तपासनिसाची सही त्याला पुरेशी असते.

याने अडचणीही येतील, हे आम्ही जाणून आहोत. समजा, एका वर्षी मदत घेणारी कुटुंबे चाळीसवरून एकतीसवर आली. तीन घरे गाव सोडून गेली. चौघींची बालसंगोपनाची रक्कम सुरू झाली. एका घरातला थोरला मुलगा कामाला लागला. आणि एका बाईने, महिन्याचे धान्य घेऊन दोघे सभासद दारात उभे असताना, आत बोलावून चहा पुढे केला आणि सांगितले की आता आमचे भागते, हे पलीकडच्या घरी द्या. वार्षिक सभेत कोणीतरी उठून विचारणारच, की यंदा काम कमी का झाले? खजिनदार वही उघडील. कुटुंबसंख्येपुढे शेऱ्याचा एक अरुंद रकाना असतो. त्या बाईचे नाव त्यात येणार नाही, येऊही नये. ‘एका कुटुंबाने स्वतःहून मदत थांबवली’ एवढी ओळ मात्र, अक्षर बारीक केले, तर तेथे मावेल.